तगरीवरची डोळेवाली अळी घरी कशी वाढवायची

पाऊस सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो येतोच. बोटाएवढी जाड हिरवीगार अळी, पुढे दोन निळे डोळे, मागे छोटंसं शिंग आणि खाली लिहिलेलं असतं, "हे काय आहे, विषारी आहे का, मुलं खाली खेळतात." मग दहा मिनिटांत कुणीतरी फवारणीवाल्याचा नंबर टाकतं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वेळी नंबर टाकायच्या आधी हे वाचलं जाईल. मी बोरिवलीला राहते, गेली सात-आठ वर्षं दर पावसाळ्यात दोन-चार अळ्या गॅलरीत वाढवते, त्यामुळे खाली जे सांगितलंय ते करून बघितलेलं आहे.

पहिली गोष्ट, ती चावत नाही, डंख मारत नाही, तिने खाज येत नाही. खाज येते ती सुरवंटामुळे, तो केसाळ असतो. हिच्या अंगावर एक केस नाही, हातावर घेतली की गार आणि गुळगुळीत लागते आणि मागचं शिंगही टोचत नाही. ते निळे डोळे म्हणजे डोळे नाहीतच, नुसते ठिपके आहेत. खरं डोकं त्यांच्या पुढे असतं, अगदी बारीक. अळीला धोका वाटला की ती डोकं आत ओढून घेते आणि मानेचा भाग फुगवते, मग ते ठिपके ताणून मोठे होतात आणि समोरच्या पक्ष्याला क्षणभर सापाचं तोंड दिसतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पानाला हलकी टिचकी मारली तरी पुरते, उगाच परत परत नका करू.

मोठी झाल्यावर ही फुलपाखरू नाही, पतंग होते. इंग्रजी नाव ओलिएंडर हॉक मॉथ, शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी, आणि हे नेरी आलंय नेरियमवरून, म्हणजे आपली कण्हेर. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली नाव ठेवलं. पंख उघडले की ९ ते ११ सेंटीमीटर, त्यावर हिरव्याच्या पाच-सहा छटा, मधेमधे गुलाबी आणि पांढरट पट्टे, मिलिटरीच्या कपड्यांसारखे, म्हणून काही जण आर्मी ग्रीन मॉथ पण म्हणतात. आफ्रिका आणि दक्षिण आशिया हे याचं घर, पण उन्हाळ्यात उडत उडत युरोपात पोचतो, एवढी ताकद आहे त्या पंखांत.

आता शोधायची कशी. झाडावर बघत बसलात तर दिसणार नाही, कारण रंग अगदी पानाचा आणि अंगावरची पांढरी रेघ पानाच्या शिरेसारखी. आधी खाली बघा. तगरीखालच्या लादीवर, कठड्यावर किंवा उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसतील, मिरीच्या दाण्याएवढ्या, जवळून बघितलं तर उभ्या खाचा असलेल्या. लेंड्या ताज्या ओलसर असल्या तर अळी बरोबर त्यांच्या वर कुठेतरी आहे. मग वर बघताना टोकाची फांदी बघा, जिथे पानं नाहीत, नुसते देठ उरलेत, तिथून एक-दोन फांद्या आत पानाच्या खालच्या बाजूला ती उलटी लटकलेली असते.

तगर सगळ्यात सोपी, कारण ती प्रत्येक सोसायटीत असते, आपल्या काकू-आज्या सकाळी पूजेला जिची फुलं काढतात तीच. पण कण्हेर, सदाफुली आणि सातवीण यांच्यावरही असते. सातवीण रस्त्याकडेला भरपूर लावलेल्या आहेत, पण उंच, त्यामुळे हाताला येत नाही. ही सगळी एकाच कुळातली चीक असलेली झाडं, आणि यांचा चीक विषारी. कण्हेर तर माणसाचं हृदय बंद पाडू शकेल एवढी विषारी आहे आणि ही अळी तीच पानं खाऊन धष्टपुष्ट होते. म्हणून मुलांना सोबत घेत असाल तर पानं तोडल्यावर साबणाने हात धुवायचे, चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, यात सूट नाही.

कण्हेरीवर काळे पट्टे असलेली आणि अंगावर लांब काळ्या शेंड्या असलेली अळी दिसली तर ती वेगळी, ती हबशी फुलपाखराची, तिचा कोष चांदीच्या वर्खासारखा चमकतो आणि पानाखाली लटकतो. तगरीची पानं चिकटवून आत लपलेली बारीक हिरवी अळी पण वेगळ्या पतंगाची. अनंतावर शिंगवाली हिरवी अळी मिळाली तर ती पारदर्शक पंखांच्या, दिवसा उडणाऱ्या हॉक मॉथची असायची शक्यता जास्त. पारिजातकावर मिळाली तर अजून तिसरीच. झाड ओळखलं की अर्धी अळी ओळखली.

नॅशनल पार्कमधून काही उचलून आणायचं नाही, पानसुद्धा नाही, आणि गरजही नाही, बिल्डिंगखालीच असते ती.

एका वेळी दोन, फार तर तीन आणा. दहा आणल्यात तर शेवटच्या आठवड्यात पानं पुरवताना अख्ख्या सोसायटीची तगर बोडकी होईल, मग फवारणीचा विषय पुन्हा निघेल. अळीला चिमटीत धरून ओढू नका, तिचे मागचे पाय फांदीला एवढे घट्ट असतात की अंग फाटू शकतं. ती बसलीय ती फांदीच कात्रीने कापून आणा.

घर म्हणून मी काय वापरते सांगते. अगदी लहान अळीला मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा पुरतो, तळाला टिश्यू पेपर, वर पान, झाकणाला बारीक भोकं. पण दीड-दोन इंचांची झाली की डबा बंद. बंद डब्यात पानांचं पाणी सुटतं, भिंतींना थेंब जमतात, लेंड्यांना बुरशी येते आणि आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत हे एका रात्रीत होतं. त्यानंतर हवेशीर जागा हवी. बाजारात पदार्थ झाकायला जाळीचं छत्रीसारखं झाकण मिळतं ना, ते उत्तम. खाली पेपर, त्यावर छोट्या बाटलीत पाणी भरून तगरीची फांदी आणि वरून ते झाकण. बाटलीच्या तोंडाशी फांदीभोवती कापूस घट्ट भरा, कारण अळी देठावरून खाली चालत जाते आणि सरळ पाण्यात पडून मरते. माझी पहिल्या वर्षीची एक अशीच गेली, सकाळी उठून बघितलं तर बाटलीत.

मुंग्यांचं बघा. आपल्याकडे लाल मुंग्या कुठूनही येतात आणि कात टाकताना अळी हलू शकत नाही, तेव्हा त्या तिला जिवंत खातात. खडू, पावडर, स्प्रे काही वापरायचं नाही, ते अळीलाही मारतं. जुनाच उपाय, परातीत पाणी भरायचं, मधे पाट किंवा उलटा डबा ठेवून त्यावर हे सगळं. पाणी रोज बदला नाहीतर डास होतील. आणि डासांवरून आठवलं, ज्या खोलीत अळ्या आहेत तिथे डासांचं मशीन, कॉइल, अगरबत्ती लावू नका. त्या मशीनमधलं औषध कीटकांसाठीच बनवलेलं असतं, त्याला डास आणि पतंग असा फरक कळत नाही. आम्ही त्या दिवसांत मच्छरदाणी लावतो. पालीपासून पण सांभाळा, लहान अळी तिला एका घासाची.

खायला काय, तर ज्या झाडावर सापडली तेच झाड. तगरीवरची असेल तर तगरच, मधेच कण्हेर दिली तर बरेचदा तोंड लावत नाही. पानं सकाळी आणा, साध्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा. लहानपणी कोवळी पानं, नंतर जून चालतात. हायवेच्या डिव्हायडरवरची कण्हेर तोडून आणू नका, धूर आणि धुळीने माखलेली असते आणि तिथे थांबून पानं तोडणं तसंही धोक्याचं.

आणि आता जी चूक मला सगळ्यात जास्त लागली ती सांगते. एका वर्षी आमच्याकडे पावसाआधी छाटणी झाली, तगरीला पानच नाही, आणि माझ्याकडे चार अळ्या, सगळ्या शेवटच्या टप्प्यातल्या. मी जवळच्या नर्सरीतून तगरीचं छान भरलेलं रोप आणलं, पानं दोनदा धुतली आणि दिली. संध्याकाळी ऑफिसातून आले तर चारही अळ्या तोंडातून हिरवं पाणी टाकत वेटोळ्या झालेल्या, अंग थरथरतंय. रात्री अकरापर्यंत सगळ्या गेल्या. रोपांवर मारतात ती काही औषधं मुळातून झाडाच्या आत जातात, पानातच असतात, धुऊन निघत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्यामुळे नर्सरीचं नवीन रोप आणलं तर निदान तीन-चार महिने त्याचं पान अळीला देऊ नका, आणि सोसायटीच्या झाडावर फवारणी कधी झाली हे माळीदादांना विचारल्याशिवाय पान तोडू नका.

अंड्यापासून सुरुवात करायची असेल तर कोवळ्या पानांखाली बघा. अंडं दीड मिलिमीटरचं, फिकट हिरवं, गोल, एकटंच चिकटवलेलं. आपल्या उकाड्यात तीन ते पाच दिवसांत फुटतं. अंडं काळं पडलं तर समजायचं आत दुसऱ्याच बारीक माशीचं पिल्लू आहे, त्यातून अळी येणार नाही. बाहेर आलेली अळी पिवळी असते, चार मिलिमीटरही नाही, आणि मागे अंगाच्या मानाने फारच लांब काळं दोऱ्यासारखं शिंग. आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग पुढचे अडीच-तीन आठवडे खाणं आणि कात टाकणं, चार वेळा कात टाकते.

कात टाकायच्या आधी ती खाणं थांबवते आणि एका जागी चिकटून बसते, दिवसभर, कधी त्याहून जास्त. नवीन लोक इथेच घाबरतात, आजारी पडली म्हणून दुसऱ्या पानावर उचलून ठेवतात. अजिबात हात लावायचा नाही. तिने पायाखाली रेशमाची बारीक गादी घातलेली असते, त्यात पाय अडकवून ती जुन्या कातडीतून पुढे सरकत बाहेर येते, गादीवरून सुटली तर कात अर्धवट अडकते. पान वाळलं असेल तरी राहू द्या, त्याच्या बाजूला ताजी फांदी टेकवून ठेवा, ती स्वतः चालत जाईल.

शेवटच्या टप्प्यात सात-आठ सेंटीमीटरची होते आणि खाण्याला हिशोब राहत नाही, हातभर फांदी एका दिवसात साफ. रात्री खोली शांत असेल तर कुरुमकुरुम ऐकू येतं, खरंच येतं, अळी पानाच्या कडेला पुढच्या पायांनी धरते आणि वरून खाली अर्धगोलात चावत येते, खाली पोचली की डोकं उचलून परत वरून सुरू. लेंड्या रोज सकाळ-संध्याकाळ काढा, तगरीच्याच कुंडीत टाका.

कधीकधी अळीच्या कातडीवर, विशेषतः डोक्यामागे, तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात, ती एका माशीची अंडी, तिची पिल्लं अळीला आतून खातात. किंवा अळीच्या अंगावर अचानक पांढरे बारीक कोष उगवल्यासारखे दिसतात, ते गांधीलमाशीच्या जातीतल्या छोट्या माशीचे. अशी अळी बहुतेक वाचत नाही. वाईट वाटतं, पण औषध काही नाही, मी तिला परत झाडावर सोडते. पण अळी मऊ पडून काळी होऊन लटकली, अंगातून पाणी गळतंय, असं झालं तर तो रोग आहे, लगेच बाजूला काढा, डबा-जाळी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, बाकीच्यांना नवीन पानं द्या.

मग एक दिवस रंग बदलतो. मला सगळ्यात आवडतो तो हा दिवस. सकाळी हिरवी असलेली अळी संध्याकाळी केशरी-तपकिरी, पाठ गडद, आणि ते निळे डोळे काळे झालेले. त्याआधी एक-दोनदा ओली पातळ लेंडी टाकते, ती खूण पक्की. आता तिला खायचं नाही, चालायचंय. झाडावर असती तर खोडावरून उतरून पाचोळ्यात शिरली असती. तुमच्याकडे ती जाळीच्या कडेकडेने गोल गोल फिरेल, दोन-दोन तास, आणि फट मिळाली तर निघून जाईल. एकदा माझी अळी गॅलरीतून हॉलमध्ये सोफ्याखाली पोचली होती, तिथे पडद्याच्या घडीत सापडली.

रंग बदलताच तिला बुटाच्या खोक्यात हलवा. तळाला दोन बोटं कोकोपीट किंवा माती, किंचित ओलसर, चिखल नाही, आणि वर चार-पाच इंच सुका पाचोळा. ही जमिनीत खोल जात नाही, पाचोळ्यातच दोन-चार पानं सैल धाग्यांनी जोडून आत पडून राहते, त्यामुळे नुसती माती भरून ठेवू नका. पाचोळा नसेल तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतात. झाकण लावून अंधारात ठेवा आणि पाच दिवस उघडू नका. दोन-तीन दिवस ती आखडून पडलेली असते, मग शेवटची कात टाकून कोष होतो. याच वेळी हलवाहलव झाली तर कोष वाकडा होतो आणि पुढे पंख वाकडे येतात.

कोष साधारण पाच ते सात सेंटीमीटरचा, फिकट तपकिरी, पोटावर मधोमध काळी रेघ आणि बाजूंना काळे ठिपके. हातात घेतला तर शेपटीकडचा भाग वळवळतो, जिवंत आहे हे कळतं. आता हवा अशी ठेवा की सुकणार नाही आणि भिजणार नाही, पावसाळ्यात मी काही करत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात मात्र पाचोळ्यावर एक दिवसाआड पाण्याचा हलका फवारा देते. आणि आत एक खरबरीत काठी तिरकी टेकवून ठेवा, हे विसरलात तर आधीचं सगळं वाया जाईल. पतंग बाहेर आला की त्याला वर चढून पंख खाली लोंबकळत ठेवता आले पाहिजेत, गुळगुळीत खोक्यात तो चढू शकत नाही आणि पंख चुरगळलेलेच वाळतात.

माझ्या वहीत कोषाचे दिवस बहुतेक वेळा बारा ते पंधरा आहेत. आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि कवचातून पंखांची नक्षी पुसट दिसायला लागते. त्या संध्याकाळी खोक्याचं झाकण काढून वर जाळी टाका.

गेल्या वर्षी असा कोष काळा पडला तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं, त्यांनाच दरवर्षी तगरीची फुलं कमी मिळतात म्हणून तक्रार असायची. रात्री साडेनऊला कोषाला डोक्याशी चीर गेली आणि तो बाहेर आला, ओला, पंख नखाएवढे. काठीवर चढला, स्थिर झाला आणि पंख उतरायला लागले, भिजवलेलं कापड उलगडावं तसे, वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण. काकू खुर्ची ओढून बसल्या होत्या, टीव्हीवरची मालिका सोडून. म्हणाल्या, "अगं, हा रंग तर माझ्या लग्नातल्या शालूचा. त्या अळीत होतं हे?" मी म्हटलं, "हो काकू, तुमच्याच तगरीचं." तेव्हापासून त्या फुलं काढताना अळी असलेली फांदी सोडून देतात, आणि मला सकाळी फोन करतात.

पंख वाळायला काही तास लागतात, तोवर हात लावू नका, फोटोसाठी फ्लॅश मारत राहू नका. तो लालसर पाणी टाकेल, रक्त नाही ते, कोषातला उरलेला मळ. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर सोडायचा. सकाळी अजिबात नाही, मुंबईचे कावळे आणि दयाळ मिनिटभर पण थांबत नाहीत. गॅलरीतला आणि हॉलमधला दिवा बंद करा, नाहीतर तो बाहेर जायचा सोडून तुमच्याच ट्यूबलाइटभोवती फिरत बसेल. काठीसकट कुंडीत नेऊन ठेवा. उडायच्या आधी तो पंख थरथरवतो, मिनिटभर, कधी जास्त, अंग गरम केल्याशिवाय त्याला उडता येत नाही. ते थरथरणं म्हणजे घाबरणं नाही, मधे हात घालू नका. मग एकदम, आवाज करत, सरळ वर.

खायला काही द्यायची गरज नाही. दरवर्षी फोटो फिरतात त्या भल्यामोठ्या अॅटलस पतंगाला तोंडच नसतं, तो मोठेपणी काही खात नाही. याला मात्र लांब सोंड असते आणि हा फुलासमोर हवेत थांबून मध पितो. पांढरी, लांब नळीची, संध्याकाळनंतर वास येणारी फुलं ही अशाच पतंगांसाठी. बुचाची फुलं, जाई-जुई, मधुमालती, जी संध्याकाळी पांढरी उमलते आणि नंतर गुलाबी-लाल होत जाते. पपईची फुलंही हॉक मॉथ फळवतात. खाली मधुमालतीचा वेल असेल तर दिवेलागणीनंतर अर्धा तास तिथे नुसतं उभं राहून बघा, टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावून, म्हणजे ते बिचकत नाहीत. जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा २०१२ पासून जगभर नॅशनल मॉथ वीक म्हणून पाळतात, त्या आठवड्यात गच्चीवर पांढरी चादर आणि एक दिवा लावला तरी काय काय येतं ते कळेल, फक्त तासा-दोन तासांनी दिवा बंद करा.

रिकामा कोष टाकून देऊ नका. मुलांना भिंगातून दाखवा, पंख कुठे होते, सोंड कुठे होती, पाय कुठे दुमडले होते, सगळ्याचे साचे त्या पातळ कवचावर उमटलेले असतात. आमच्याकडे असे अकरा आहेत, एका डब्यात कापसावर ठेवलेले, प्रत्येकाखाली तारीख लिहून.